दुसऱ्या मंगळवारानंतरचा बुधवार: अपडेट आणि अँटिव्हायरस यांच्या भांडणात शाखेने काय करावे?

शाखाफिरस्ता (धागाकर्ता)

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका नागरी सहकारी बँकेचा संगणक विभाग सांभाळतो. ‘विभाग’ हा शब्द जरा मोठाच झाला, कारण आम्ही दोघे जण आहोत, शाखा चौदा आहेत आणि दोघांत मिळून एक दुचाकी आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अनेक मोठ्या कंपन्यांची सुरक्षा-अपडेट निघतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात, तेव्हा आपल्याकडे ऋतुमानाप्रमाणे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. त्यामुळे साऱ्या जगाला ठाऊक असलेला हा मंगळवार आमच्या वाट्याला बुधवार म्हणून येतो, आणि तोही नेमका शाखेचे शटर वर जाण्याच्या वेळी.

गेल्या महिन्यातील अशाच एका बुधवारी तीन शाखांमधील अकरा संगणक लॉगिनच्या पडद्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक भाग सुरू ठेवणाऱ्या स्थितीत, ते व्यवस्थित चालत होते. अँटिव्हायरसची सेवा बंद केली की नेहमीसारखे सुरू होत, आणि रात्री आलेले अपडेट काढून टाकले तरीही सुरू होत. म्हणजे दोघांपैकी एकच नांदू शकत होता. अँटिव्हायरसच्या मदत केंद्राने अपडेट काढण्याचा सल्ला दिला, तर संगणक पुरवणाऱ्या विक्रेत्याने अँटिव्हायरस काढण्याचा. दोष नेमका कोणाचा हे आजही ठरलेले नाही, म्हणून कोणाचेच नाव लिहीत नाही.

माझी खरी तक्रार मात्र पुढची आहे. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची जी मूलभूत चौकट घालून दिली, तिच्यात पॅच, म्हणजे दोष बुजवणारी अपडेट, वेळेवर लावणे आणि अँटिव्हायरस अद्ययावत ठेवणे या दोन्ही अपेक्षा आहेत, आणि त्या योग्यच आहेत. ऑडिटरच्या तक्त्यातही त्या एकाखाली एक येतात. त्या बुधवारी माझ्यासमोर असा संगणक होता, ज्याच्या बाबतीत या दोन ओळींपैकी एकीपुढेच ‘होय’ लिहिता येत होते. कोणत्या ओळीपुढे ‘नाही’ लिहायचे, हा निर्णय पासबुक छापून घ्यायला उभ्या असलेल्या पंधरा खातेदारांसमोर, शाखाधिकाऱ्यांच्या फोनवर, मला एकट्याला घ्यावा लागला. सुरक्षेची दोन साधने एकमेकांच्या उरावर बसतात, तेव्हा तुम्ही कोणाला उठवता आणि ते लेखी कोठे नोंदवता, हे अनुभवी सभासदांकडून समजून घ्यायचे आहे.

कर्नलकाका

फिरस्ते साहेब, मी पुण्यात अशाच एका सुरक्षा-उत्पादनावर बरीच वर्षे काम केले आहे, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो असे समजा.

सामान्य प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमच्या ओसरीवर बसतो. जे हवे ते मागतो आणि मिळेल ते घेतो. अँटिव्हायरसला तसे करून चालत नाही. फाइल उघडली जाण्यापूर्वी तिला अडवायचे असेल, तर त्याला माजघरात, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, जाऊन बसावे लागते. तेथे बसण्यासाठी घरमालकाने काही अधिकृत जागा ठरवून दिल्या आहेत, परंतु आमच्या धंद्यातील अनेकांनी वर्षानुवर्षे त्या जागांखेरीज भिंतीतील फटींचाही वापर केला, कारण हल्लेखोरही त्याच फटींतून येत असत. मालकाने फट बुजवली की पाहुण्याचा हात अडकतो. अपडेटनंतर संगणक थिजतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असते.

हे भांडण जुने आहे. ६४-बिट विंडोजमध्ये कर्नलला परस्पर ठिगळ लावण्यास मज्जाव करणारी ‘पॅचगार्ड’ नावाची व्यवस्था आली, तेव्हा सिमँटेक आणि मॅकॅफी या दोघांनीही जाहीर विरोध केला. विंडोजची व्हिस्टा ही आवृत्ती येऊ घातलेली असताना, ऑक्टोबर २००६ मध्ये, मॅकॅफीने फायनान्शियल टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली होती. पुढे मायक्रोसॉफ्टने अधिकृत दारे वाढवली आणि धुसफूस वरवर थांबली.

फटींचा हिशेब जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा निघाला. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधील दोषांवरची अपडेट ३ जानेवारीला आली. काही अँटिव्हायरस कर्नलच्या स्मृतीत अनधिकृत रीतीने डोकावत असल्यामुळे या अपडेटनंतर संगणक निळ्या पडद्यावर कोसळत, असे चाचणीत आढळले होते. म्हणून मायक्रोसॉफ्टने अट घातली की अँटिव्हायरसने रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, एक ठरावीक खूण लिहून ‘माझी तयारी आहे’ असे कळवावे, आणि ती खूण नसेल तर त्या संगणकाला केवळ हेच नव्हे तर पुढचीही सुरक्षा-अपडेट मिळणार नाहीत. आता यातली गंमत पाहा. विंडोज ७ च्या ज्या संगणकावर अँटिव्हायरसच नव्हता, त्यावर खूण लिहिणारे कोणी नव्हते. ती माणसाने हाताने लिहायची होती. ज्याचे अँटिव्हायरस कंपनीने सोडून दिलेले होते, त्याचीही तीच गत. म्हणजे सर्वांत उघडा पडलेला संगणक कोणतीही ओरड न करता अपडेटच्या रांगेतून बाहेर पडला. विंडोज १० पुरती ही अट मार्च २०१८ मध्ये मागे घेतली गेली.

एप्रिल २०१९ मध्ये तुमच्यासारखाच प्रकार झाला होता. ९ तारखेच्या अपडेटनंतर सोफोस, अवास्ट, अविरा, आर्काबिट आणि मॅकॅफी यांची उत्पादने असलेले, मुख्यतः विंडोज ७ आणि ८.१ वरील अनेक संगणक सुरू होताना थिजू लागले. विंडोजच्या एका मूलभूत घटकात झालेल्या बदलामुळे दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत अडकून राहू शकतात, असा खुलासा मॅकॅफीने केला. दोघेही दारात उभे राहून एकमेकांना ‘आपण आधी’ म्हणत आहेत आणि बाकीच्यांची वाट अडली आहे, असे डोळ्यांसमोर आणा. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विंडोज ७ ची अपडेट केवळ नव्या शा-२ पद्धतीच्या डिजिटल सहीने येऊ लागली, तेव्हा सिमँटेक आणि नॉर्टन यांच्या उत्पादनांशी खटका उडाल्याने ती अपडेट अशा संगणकांसाठी काही काळ रोखून धरावी लागली.

सरळमार्गी

एवढा मोठा इतिहास वाचून मला एकच प्रश्न पडतो. विंडोजमध्ये अंगभूत संरक्षण आहे, ते घरचेच असल्यामुळे घरच्या अपडेटशी भांडत नाही. मग पदरचे पैसे खर्च करून पाहुणा बोलवायचाच कशाला?

शाखाफिरस्ता

सरळमार्गी, घरच्या संगणकासाठी तुमचे म्हणणे मला मान्य आहे. बँकेत चौदा शाखांचे अहवाल एका जागी दिसावे लागतात, पेनड्राइव्ह कोणी लावला हे कळावे लागते, आणि संचालक मंडळाने तीन वर्षांचा परवाना आधीच घेतलेला असतो. तो परवाना मधेच सोडण्याचा ठराव मांडण्यापेक्षा मी चौदा शाखा पायी फिरणे पसंत करीन.

टोकनधारक

मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे. विषय अँटिव्हायरसचा असला, तरी आमची व्यथा त्याच जातीची असल्यामुळे येथे मांडतो.

आमचे सुरक्षेचे साधन म्हणजे डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन. विवरणपत्र, कंपनी कायद्याखालचे फॉर्म, ई-निविदा या सर्वांना ते लागते. सुरुवातीला अनेक संकेतस्थळे ब्राउझरमधील जावाच्या प्लगइनमधून टोकनशी बोलत असत. जानेवारी २०१४ मध्ये जावाने स्वतःची तपासणी कडक केली आणि प्रमाणित सही नसलेले ॲप्लेट, म्हणजे संकेतस्थळाच्या पानातील छोटे प्रोग्रॅम, अडवू लागले. मग संकेतस्थळाचा पत्ता अपवादांच्या यादीत हाताने भरण्याचे शिक्षण आम्ही साऱ्या कार्यालयाला दिले. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमच्या ४५ व्या आवृत्तीने त्या जुन्या पद्धतीचे प्लगइनच काढून टाकले. आम्ही फायरफॉक्सकडे वळलो, तर मार्च २०१७ मध्ये त्याच्या ५२ व्या आवृत्तीने फ्लॅश वगळता तेच केले. उरला इंटरनेट एक्सप्लोरर, आणि जून २०२२ मध्ये विंडोज १० वरील त्याचाही आधार संपला. यातील प्रत्येक निर्णय सुरक्षेसाठीच होता आणि तांत्रिकदृष्ट्या योग्यच होता, हे मी मान्य करतो, कारण ते प्लगइन खरोखरच घुसखोरांचे आवडते दार होते. आता संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम बसवावा लागतो आणि ब्राउझर त्याच्याशी १२७.०.०.१ या, म्हणजे त्याच संगणकाच्या स्वतःच्या, पत्त्यावर बोलतो. ते दोघेही ब्राउझरच्या किंवा अँटिव्हायरसच्या एखाद्या अपडेटनंतर अबोला धरतात, आणि तो नेमका शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी लक्षात येतो.

यावर आमच्या व्यवसायात जो तोडगा रूढ झाला, तो सांगायला मला संकोच वाटतो. अनेक कार्यालयांत कोपऱ्यात एक जुना संगणक असतो, ज्याला सर्व जण ‘टेंडरचे मशीन’ म्हणतात. त्यावर जुने विंडोज, जुना ब्राउझर आणि जुना जावा असतो, अपडेट बंद केलेले असते आणि ‘कृपया काहीही बदलू नये’ अशी चिठ्ठी डकवलेली असते. आमच्याकडेही ते होते. पक्षकाराची कायदेशीर स्वाक्षरी ज्या संगणकावर उमटते, तोच कार्यालयातील सर्वांत दुबळा संगणक असावा, हे आम्हाला चार-पाच वर्षे खटकले नाही.

कर्नलकाका

टोकनधारक, ती चिठ्ठी मी निदान दहा ठिकाणी पाहिली आहे. एका ठिकाणी तर तिच्यावर हळदकुंकू वाहिलेले होते.

खाडीपलीकडे

मी कॅलिफोर्नियात एका मध्यम आकाराच्या कंपनीत मॅक संगणकांची देखभाल करतो. येथे कोणी असे म्हणण्याआधीच सांगतो की हा केवळ विंडोजचा रोग नाही.

ॲपलने २०१९ मधील कॅटालिना या मॅकओएसच्या आवृत्तीपासून कर्नलमधील पाहुण्यांना बाहेर काढायला सुरुवात केली. त्यांच्यासाठी अंगणात ‘एंडपॉइंट सिक्युरिटी’ नावाची वेगळी बैठक घातली आणि पुढच्या वर्षीच्या बिग सरपासून जुने कर्नल-विस्तार सहजी चढेनासे केले. कर्नलकाकांच्या भाषेत, माजघर बंद झाले. त्यानंतर असे भांडण होऊ नये, अशी माझी समजूत होती. १६ सप्टेंबर २०२४ रोजी सेक्वोया म्हणजे मॅकओएस १५ आले, आणि क्राउडस्ट्राइक, सेंटिनलवन, ईसेट आणि खुद्द मायक्रोसॉफ्ट यांची सुरक्षा-साधने असलेल्या अनेक मॅकवर जाळ्याशी संपर्क तुटू लागला. संगणक चालू, वायफायची खूण भरलेली, पण ब्राउझर काही उघडेना. बदल नेटवर्कशी संबंधित भागात झाला होता आणि ही साधने तेथील वाहतूक गाळण्यासाठी ॲपलने दिलेल्या अधिकृत दारांचाच वापर करीत होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला १५.०.१ आली, तेव्हा तिच्या टिपणीत ‘अन्य कंपन्यांच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरशी सुसंगतता सुधारली’ अशा अर्थाची एक ओळ होती. मधल्या अडीच आठवड्यांसाठी तेवढी एकच ओळ.

चाचणी आवृत्ती जूनपासून उपलब्ध होती, म्हणजे तीन महिने हाताशी होते. तेव्हा माजघरातून अंगणात आल्याने संगणक कोसळण्याचे थांबते हे खरे, परंतु सुसंगतता आपोआप येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

बंदरावरचा

वरील सर्व चर्चा वाचताना मला एक भीती वाटते. असे किस्से ऐकून माणसे अपडेट बंद करून ठेवतात, आणि त्याची किंमत आमच्या भागाने पाहिलेली आहे.

वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रॅमने विंडोजमधील ज्या दोषाचा फायदा घेतला, त्यावरचा पॅच १४ मार्च २०१७ रोजी निघालेला होता आणि हल्ला १२ मे रोजी झाला. मधे जवळजवळ दोन महिने होते. त्यानंतर २७ जून रोजी नॉटपेट्या हा दुसरा घातक प्रोग्रॅम आला. मार्स्क या जहाजवाहतूक कंपनीच्या जगभरच्या संगणकांबरोबर जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले आणि उरणच्या रस्त्यांवर कंटेनर लादलेल्या ट्रकांचे काय झाले असेल, हे त्या रस्त्यावरून नेहमी जाणाऱ्याला सांगायला नको. तेव्हा ‘थोडे थांबू या’ म्हणणाऱ्याने किती थांबायचे, हे आधी लिहून ठेवावे.

कर्नलकाका

बंदरावरचे भाऊ, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण नॉटपेट्याचे उदाहरण दुधारी आहे. तो युक्रेनमध्ये पसरला तो ‘मेडॉक’ या करविषयक लेखा-सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. म्हणजे ज्यांनी ते अपडेट इमानेइतबारे घेतले, त्यांच्या घरात तो पुढच्या दाराने आला, आणि ज्यांनी विंडोजचे अपडेट घेतले नव्हते, त्यांच्या घरांत पुढे पसरायला त्याला सोपे गेले.

आणखी एक उदाहरण देतो, जे फिरस्ते साहेबांना ऑडिटरसमोर उपयोगी पडेल. १० मे २०२२ च्या विंडोज अपडेटनंतर डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे जाळ्यातील सर्वांची ओळख तपासणाऱ्या सर्व्हरवर, प्रमाणपत्राच्या आधारे होणारी ओळख पटेनाशी झाली. तेव्हा अमेरिकेच्या सीसा या सरकारी सायबर संस्थेने आपल्या ‘ताबडतोब पॅच करा’ या सक्तीच्या यादीतून तो दोष तात्पुरता काढून घेतला. दुरुस्तीच अधिक नुकसान करील अशी वेळ येऊ शकते, हे सरकारी यंत्रणेने लेखी मान्य केल्याचे हे उदाहरण आहे.

शाखाफिरस्ता

सर्वांचे आभार. सीसाचे उदाहरण मी टिपून ठेवले आहे.

बंदरावरचे दादा, तुमचा प्रश्न मी स्वतःला विचारला. आमच्याकडे आजवर अपडेट पुढे ढकलण्याची मुदतच ठरलेली नव्हती. कधी लगेच, तर कधी मार्चअखेर आहे म्हणून महिनाभर नाही. आता असे योजले आहे की मुख्य कार्यालयातील एक, मोठ्या शाखेतील एक काउंटरचा आणि एक जुन्या पासबुक प्रिंटरचा, असे तीन संगणक बुधवारीच अपडेट घेतील, आणि बाकीचे पुढच्या सोमवारी रात्री. प्रत्यक्ष हल्ल्यात वापरला जात असलेला दोष असेल, तर ही मुदत दोन दिवसांची. अँटिव्हायरसची नवी आवृत्तीही याच क्रमाने. यात काही चुकत असल्यास सांगावे.

खाडीपलीकडे

योजना चांगली आहे, पण तिच्यात एक भोक आहे, आणि ते माझ्या पगारदार सहकाऱ्यांनाही १९ जुलै २०२४ पर्यंत ठाऊक नव्हते.

त्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइकने जे पाठवले, ती सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती नव्हती. ती ‘२९१’ क्रमांकाची एक माहिती-फाइल होती, अँटिव्हायरसच्या रोजच्या व्याख्यांसारखी. अनेक ग्राहकांनी मुद्दाम एक-दोन आवृत्त्या मागे राहण्याचे धोरण ठेवले होते, म्हणजे अगदी तुमच्यासारखीच सावधगिरी बाळगली होती. त्यांचेही संगणक कोसळले, कारण ते धोरण माहिती-फाइलींना लागूच नव्हते. साच्यात २१ रकाने होते आणि कर्नलमधील कोडला २०च मूल्ये पुरवली जात होती. एकविसाव्याकडे हात जाताच विंडोज निळे झाले. भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ ला फाइल निघाली आणि १०.५७ ला मागे घेतली गेली. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक आडवे झाले. त्या दिवशी आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्याची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील.

म्हणून विक्रेत्याला लेखी विचारा की आवृत्तीखेरीज इतर कोणती माहिती कर्नलमधील भाग वाचतो, आणि ती टप्प्याटप्प्याने घेण्याची सोय आहे का.

टोकनधारक

आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली अशा जागी ठेवा, जी संगणक बंद असतानाही उघडता येते. आमच्या परिचयाच्या एका कार्यालयात सर्व किल्ल्या एका एक्सेल फाइलमध्ये नीट लिहिलेल्या होत्या, आणि ती फाइल त्याच सर्व्हरवर होती, जो किल्ली मागत होता.

सरळमार्गी

मग शेवटी उपाय काय? माजघरात बसवले तर घर पडते, अंगणात बसवले तर इंटरनेट जाते.

कर्नलकाका

माजघर रिकामे करणे हाच दूरचा उपाय आहे, आणि त्याला गती आली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेडमंडला सुरक्षा-उत्पादकांची बैठक बोलावली, नोव्हेंबरमध्ये आपली योजना जाहीर केली आणि २०२५ मध्ये कर्नलबाहेर चालणाऱ्या अँटिव्हायरससाठीचा मंच निवडक उत्पादकांना चाचणीसाठी देण्याचे ठरवले. बाहेर बसलेला प्रोग्रॅम कोसळला तर तो एकटा कोसळतो. संगणक सुरू होतो आणि शाखा उघडते. फिरस्ते साहेबांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. तरीही मी आमच्याच लोकांबद्दल एक बोलतो: कर्नलमधून बाहेर येण्यास आमच्या धंद्यात जो विरोध होतो, त्यात तांत्रिक कारणे निम्मी आणि ‘घरमालकाच्या स्वतःच्या उत्पादनाला मात्र आत जागा राहील’ ही भीती निम्मी असते. ती भीती निराधार आहे असे मला म्हणवत नाही.

शाखाफिरस्ता

काल दुसऱ्या मंगळवारानंतरचा बुधवार होता, म्हणून हा वृत्तान्त देतो.

तीन संगणकांनी अपडेट घेतले. दोन व्यवस्थित चालले. जुन्या पासबुक प्रिंटरच्या संगणकावर अँटिव्हायरसने छपाईच्या सेवेला संशयित ठरवून अडवले. अपवाद नोंदवून ते वीस मिनिटांत सुरू झाले, आणि त्या काळात एकाच काउंटरची रांग शेजारच्या काउंटरवर गेली. बाकीचे संगणक सोमवारची वाट पाहत आहेत.

खाडीपलीकडे यांनी सुचवलेला प्रश्न अँटिव्हायरसच्या विक्रेत्याला ईमेलने विचारला होता. ‘आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे’ असे उत्तर आले असून ती तक्रार नसून प्रश्न आहे, असे मी पुन्हा कळवले आहे. ऑडिटरच्या तक्त्यात पॅचच्या ओळीपुढे मी या वेळी ‘नाही’ लिहून शेजारी कारण, मुदत आणि सोमवारची तारीख लिहिली, आणि त्याखाली मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची सही घेतली. सही करताना त्यांनी विचारले की आजवर हे कोणाच्या सहीने होत होते. मी म्हणालो, फोनवर होत होते.